मिटलेली पाती

एकदा एक म्हातारा यंत्रज्ञ होता. विमानांची इंजिनं उघडण्यात आणि पुन्हा बसवण्यात त्याची पन्नास वर्षं गेली होती. नखांतलं काळं तेल लग्नाच्या पंगतीलाही निघत नसे. शाळा त्याने सातवीत सोडली होती, शिकवायला तर तो कुठल्याच शाळेत गेला नव्हता. तरी सगळे त्याला मास्तर म्हणत. ज्याच्याकडून चार माणसं काही शिकून जातात तो मास्तरच. त्याच्याकडे दाखला मागणारे आपण कोण? म्हणून आपणही त्यांना मास्तरच म्हणू, आणि मानाने म्हणू.

मास्तरांची एक शिष्या होती. वय सव्वीस, पेशाने वैमानिक. बेदाण्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचं स्वतःचं लहानसं विमान होतं. ते ती चालवी आणि मास्तर त्याची देखभाल करीत. गावाबाहेरच्या माळावर एक धावपट्टी, तिच्या कडेला पत्र्याचं हँगर, हँगरच्या दारात पाण्याचं पिंप आणि दोन मोडकी टेबलं. मुलीला आकाशाचा परवाना होता, मास्तरांना नव्हता. पण इंजिनाचा आवाज जरा बदलला की ती आकाशातून उतरून सरळ त्यांच्याच टेबलापाशी येई.

आता पुढचं समजण्यासाठी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. कठीण नाही. लक्ष दिलं की कळते. कळत नाही असं म्हणणारे बहुधा लक्ष देत नाहीत.

या विमानाच्या पुढे पंखा असतो. त्या पंख्याची पाती घरातल्या पंख्यासारखी एका कोनात जखडलेली नसतात. खिडकीच्या झडपा जशा आपल्या जागी वळतात, तशी ती वळतात. वळवून त्यांची धार पुढे केली, की पंखा वारा धरत नाही आणि विमानाला ओढत नाही. वैमानिक त्याला फेदर करणं म्हणतात. मास्तर त्याला पाती मिटणं म्हणत. शब्द चांगला आहे, आपण तोच ठेवू.

मास्तरांनी शिष्येला पहिल्या दिवशी पहिला धडा दिला तो असा: इंजिन सुरू करताना पाती मिटलेली असू देत. आधी पोटातला अग्नी स्थिर होऊ दे, तेलाला ऊब येऊ दे. मग पाती उघड आणि वाऱ्याला हात घाल. बंद करतानाही तसंच. आधी पाती मिट, मग अग्नी विझव.

शिष्येला हा धडा फार आवडला. तिने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. तीन वर्षं, दिवसाआड, तिचा हात त्याप्रमाणे चालला. पुढे पुढे ती तो धडा माणसांनाही लावू लागली. भाऊ चिडला की म्हणायची, आधी पाती मिट, मग बोल. मैत्रिणीने नोकरी सोडायची म्हटली की हेच. ऐकणाऱ्यांना ते वाक्य गहन वाटे आणि तिलाही ते आपलंच वाटू लागलं होतं. चांगल्या वाक्याचा हाच धोका असतो. ते एकदा जिभेवर बसलं की डोळ्यांचं काम आपणच करू लागतं, आणि डोळ्यांना झोप लागते.

मग व्यापाऱ्याने, म्हणजे शेठने, ते विमान देऊन टाकलं आणि दुसरं घेतलं. जुनंच, पण दणकट. दोन्ही पंखांवर एकेक इंजिन. शिष्या महिनाभर दुसऱ्या शहरात राहून त्याचं शिक्षण घेऊन आली. परीक्षेत तिला शंभरातले सत्त्याण्णव मिळाले. ती पेढे घेऊन मास्तरांकडे आली तेव्हा त्यांनी पेढा तोंडात टाकून एवढंच विचारलं, की जुन्यात आणि नव्यात वेगळं काय दिसलं. ती म्हणाली, इंजिनं दोन आहेत. मास्तर हसले नाहीत. त्यांनी दुसरा पेढा घेतला नाही.

पण तेव्हा ते अधिक काही बोललेही नाहीत. सत्त्याण्णव गुणांसमोर सातवीत शाळा सोडलेल्याने काय बोलावं, असं त्यांना क्षणभर वाटलं असेल. ज्ञानी माणसांनाही असं वाटतं. वाटू नये, पण वाटतं.

आठ दिवस गेले. मास्तर पुतणीच्या लग्नाला गावी गेले. त्या संध्याकाळी शिष्येने सरावासाठी विमान एकटीनेच वर नेलं आणि पाच वाजता छान उतरवलं. हँगरसमोर आणून उभं केलं, नेटकेपणाने पाती मिटली आणि इंजिनं बंद केली. तिचा हात तीन वर्षांचा होता, परीक्षेचा कागद महिन्याचा. कागद हरला, आणि तिला कळलंही नाही. उलट विमान पुसून घरी जाताना तिला फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेठचा फोन आला. त्यांच्या लेकीला दोन दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. बाळंतीण गावातल्याच दवाखान्यात होती, पण बाळाचे ओठ पहाटेपासून निळे पडत चालले होते. हृदयाची एक झडप उघडत नव्हती. ती उघडणारा सर्जन राजधानीत. रस्त्याने आठ तास, विमानाने एक. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, पेटीला प्राणवायूची नळी होती, आणि ती नळी ज्या सिलिंडरला जोडली होती तो दोन तास पुरणार होता. गावात दुसरा सिलिंडर नव्हता. सांगताना शेठचा आवाज नेहमीसारखाच चढा होता. फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो तुटत होता.

शिष्या धावपट्टीवर पोचली. तिने विमानाला फेरी मारली. इंधन पाहिलं, चाकं पाहिली, तेल पाहिलं. पंख्यांकडे पाहिलं. पाती मिटलेली, धार पुढे. गेली तीन वर्षं प्रत्येक उड्डाणाआधी ती जशी पाहत आली होती, हुबेहूब तशी. मन म्हणालं, ठीक.

वर बसल्यावर तिने यादी हातात घेतली. यादीत छापलेलं होतं: पात्यांची खिट्टी बसली आहे का? ती म्हणाली, बसली आहे. आरतीला टाळ्या वाजवताना शब्दांकडे कितीजणांचं लक्ष असतं? सगळे बरोबर म्हणतात आणि कुणी ऐकत नाही. तसंच झालं.

रुग्णवाहिका आली. पेटी आत चढवली. सोबतची डॉक्टरीणबाई पेटीशेजारी बसली, तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि सिलिंडरचा काटा तपासला. शेठ दारात उभे राहून दवाखान्याला फोनवर सूचना देत होते. शिष्येने डाव्या इंजिनाच्या बटणाकडे बोट नेलं.

त्याच वेळी मास्तर फाटकातून आत येत होते. पहाटेची एसटी पकडून ते गावाहून परतले होते. हातात छत्री आणि लग्नातल्या लाडवांची पिशवी. विमान त्यांना बरोबर समोरून दिसलं. नाकासमोरून पाहिलं तर पंख्याची पाती भाकरीसारखी रुंद दिसायला हवी होती. ती सुरीच्या धारेसारखी बारीक दिसत होती.

मास्तरांचे गुडघे गेलेले होते, त्यांना धावता येत नव्हतं. त्यांनी पिशवी तिथेच खाली ठेवली आणि ते शक्य तेवढ्या लांब टांगा टाकत निघाले. विमानाभोवती जमिनीवर पिवळी रेघ आखलेली होती. ती रेघ मास्तरांनीच आखली होती, आणि माणूस आत बसलेला असताना ती ओलांडणाऱ्या प्रत्येकाला, एकदा तर खुद्द शेठला, त्यांनी सगळ्यांदेखत हाकलून लावलं होतं. आज ते स्वतःच ती रेघ ओलांडून सरळ डाव्या पंख्यापुढे आले आणि पात्यावर तळहात टेकवून उभे राहिले.

शिष्येने बोट मागे घेतलं. फिरत्या पंख्यापुढे उभा राहणारा माणूस जिवंत राहत नाही, हे तिला या माणसानेच शिकवलं होतं.

शेठने फोन खाली घेतला. त्यांनी मास्तरांना बाजूला व्हायला सांगितलं, मग ओरडून सांगितलं, मग लग्नात काही भलतंच प्यायलात का म्हणून विचारलं. मास्तर हलले नाहीत. ते पाती चाचपून बघत होते आणि वर काचेतून शिष्येकडे पाहून मानेने नाही म्हणत होते.

"मास्तर," शेठ म्हणाले, "माझी नात निळी पडलीये. डोकं फिरलं असेल तर उद्या फिरवा."

"शेठ, चार मिनिटं द्या. शिव्या राखून ठेवा, संध्याकाळी सावकाश घेतो."

असं म्हणून ते वळसा घालून दारातून आत चढले, काचपेटीला हात न लावता तिच्याजवळून अंग चोरून पुढे गेले, आणि शिष्येच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले. तिने काही विचारायच्या आत त्यांनी सांगायला सुरुवात केली. डाव्या इंजिनाची दांडी पार मागे ओढ. आता तो खालचा पंपाचा खटका दाब आणि धरून ठेव. बाहेर बघ.

कुठेतरी पिठाच्या गिरणीसारखी बारीक घरघर सुरू झाली. आणि बाहेर, अजून न फिरलेल्या पंख्याची पाती आपल्या जागी वळू लागली. मूठ उघडावी तशी ती सावकाश उघडली, रुंद झाली. मास्तरांनी खटका सोडायला लावला आणि दांडी हलकेच पुढे आणायला सांगितली. पाती पुन्हा मिटली नाहीत. त्यांना उघडं धरून ठेवणारी खिट्टी बसली होती. मग तोच प्रकार उजव्या बाजूला.

उजवी पाती उघडत असताना शिष्येच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. यादीतली ओळ, परीक्षेतला प्रश्न, कालची संध्याकाळ, सगळं एकदम तिच्यासमोर आलं.

"मास्तर, काल मीच—"

"काल सरला. आता फक्त तापमानाचा काटा बघायचा."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पाठ थोपटली नाही. उठले आणि उतरले. दारात शेठने त्यांचा दंड धरला आणि काय बिघडलं होतं ते विचारलं. मास्तर म्हणाले, काहीच नाही. म्हातारपण आहे, एक बटण दाबून पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. शेठने त्यावर जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. सभ्य शब्दांत सांगायचं तर मास्तरांना त्यांनी वेडा म्हटलं, आणि परत आल्यावर तुमचं बघतो असं म्हटलं. डॉक्टरीणबाईने मान खाली घातली. मास्तरांनी शेठला आत बसून पट्टा बांधायला सांगितलं आणि दार बाहेरून लावून दिलं.

दोन्ही इंजिनं सुरू झाली. तापमानाचा काटा चढला, थबकला, आणि जिथे यावा तिथे येऊन स्थिर झाला. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि उडालं. मास्तर परत फाटकाशी गेले तेव्हा लाडवांच्या पिशवीला मुंग्या लागल्या होत्या. ते तिथेच दगडावर बसले आणि एकेक लाडू पुसत बसले. सव्वा तासाने शिष्येचा फोन आला: पोचलो, बाळ आत नेलंय, सिलिंडरमध्ये अजून हवा होती. तेव्हा कुठे मास्तरांनी एक लाडू तोंडात टाकला.

दुपारी चारला शिष्या रिकामं विमान घेऊन परतली. या वेळी तिने पाती मिटली नाहीत. इंजिन बंद होता होता दांडी मागे ओढून धरली, पाती उघडीच राहिली, खिट्टी बसली. मग ती उतरली आणि हँगरच्या दारात पिंपाला टेकून उभी राहिली. रडलेली होती, पण पुसून आली होती.

ती म्हणाली, की चूक तिची आहे आणि ती शिक्षा घेईल. परंतु तिला दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की पाती मिटून सुरू कर हे मास्तरांनीच शिकवलं. तीन वर्षं तेच बरोबर होतं. आज तेच घातक कसं झालं? पुस्तकातलं उत्तर तिला पाठ आहे. तिला उत्तर हवं आहे.

मास्तरांनी हँगरमधले दोन टेबलपंखे आणले. दोघांच्या जाळ्या केव्हाच निघालेल्या होत्या. त्यांनी ते टेबलावर समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. त्याच्या वाऱ्याने दुसरा, न लावलेला, आळसावल्यासारखा फिरू लागला. मास्तरांनी त्या दुसऱ्याला काठीने अडवलं. तो थांबला. पहिल्याला त्याची दखलही नव्हती.

"हे आपलं जुनं विमान," ते म्हणाले. "आतला अग्नी एक पंखा फिरवतो, बाहेर असतो तो दुसराच. दोघांच्या मधे नुसता वारा. बाहेरच्याला मिट, अडव, बांधून ठेव. आतला आपला आरामात जागा होतो. म्हणून तिथे तो धडा."

"आणि नवं?"

"नवं म्हणजे जातं. खुंटा आणि वरची तळी एकत्र. आत एक फेरा घ्यायचा तर बाहेरच्यालाही घ्यावा लागतो. आता पिंपात हात घाल."

तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. मास्तरांनी सांगितलं, तळवा उभा धर आणि बोटं पुढे करून हात पुढे ने. हात सुरीसारखा गेला. मग म्हणाले, तळवा न वळवता आता तोच हात बाजूला ने. पाणी आडवं आलं. पिंप हललं, पाणी काठावरून सांडलं, तिचा खांदा भरून आला.

ती तशीच ओल्या हाताने उभी राहिली. हे सगळं तिने परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं, सत्त्याण्णव गुण मिळवले होते. हाताला ते आज पहिल्यांदा कळत होतं.

मास्तरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. मिटलेलं पातं समोरच्या वाऱ्याला हलकं असतं, पण गोल फिरायला ते सगळ्यांत जड. थंड, अर्धवट झोपेतलं इंजिन, आणि त्याच्याच आसाला हा जड तळवा बांधलेला. ते घुटमळतं. इंधन मात्र आत पडतच असतं. वारा थोडा, आग फार. काटा लाल रेघ ओलांडतो आणि पोटातली नाजूक पाती वितळून जातात. दहा-बारा सेकंदांचा खेळ. मग विमान महिनाभर जागचं हलत नाही.

"आणि ती मुलगी?" शिष्येने विचारलं.

"ती रस्त्याने गेली असती."

आठ तासांचा रस्ता, दोन तासांचा सिलिंडर. वजाबाकी तिला येत होती.

तिने चालू पंख्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, की म्हणजे पहिला धडा खोटा होता.

मास्तर म्हणाले, "धडा खरा होता. त्याला एक घर होतं, तू त्याला घराबाहेर नेलंस. आणि चूक माझीही. सांगताना 'या इंजिनाला' एवढे दोन शब्द मी गाळले. शिकवणाऱ्यांना ही खोड असते. दोन शब्द गाळले की वाक्य भारदस्त होतं."

हे वाक्य मी तुम्हाला दोनदा वाचायला सांगेन. व्यासपीठावर बसणाऱ्यांनी तीनदा वाचावं.

शिष्येचा दुसरा प्रश्न उरला होता. तो विचारताना तिचा आवाज बदलला. तिने विचारलं, की मास्तरांनी सकाळीच खरं का सांगितलं नाही? शेठ वेडा म्हणाले, दारुडा म्हणाले. चूक तिची, आणि बोलणी मास्तरांनी खाल्ली. का? पाठीशी घालायचं होतं? तिला पाठीशी घातलेलं चालत नाही. ती काही लहान नाही.

मास्तरांनी पंखा बंद केला. दुसरा पंखा पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"पोरी, काही माणसं या दोन पंख्यांसारखी असतात. त्यांना काय ऐकू येतं आणि त्यांचा हात काय करतो, यांच्या मधे वारा असतो. त्यांना निघतानाच बोललं तरी बिघडत नाही, बोलणं बाहेर अडकतं आणि आतलं चालू राहतं. मी तसा आहे. शेठ माझ्यावर ओरडले, मी तेवढ्यात खिट्टी तपासून घेतली. तू तशी नाहीस. तुझा आस एकच आहे. बाहेर जे पडतं ते थेट तुझ्या अग्नीवर जाऊन पडतं. त्यामुळेच विमान तुझ्या हातात जिवंत होतं, हे मी तीन वर्षं बघतोय. पण त्यामुळेच निघण्याच्या वेळी तुझ्या अंगावर भार टाकायचा नसतो. सकाळी तुला जागं व्हायचं होतं, दोन दिवसांचा जीव घेऊन उडायचं होतं. तेव्हाच मी तुझी चूक शेठसमोर तुझ्या पदरात घातली असती, तर मिटलेल्या पात्यांनी इंजिन मीच सुरू केलं असतं."

तिने ओला हात पुसला.

"चूक सांगायचीच असते," मास्तर पुढे म्हणाले. "ती लपवणारा गुरू चोर. पण ती इंजिन थंड असताना सांगायची नसते आणि हवेत असताना तर नाहीच. उतरल्यावर सांगायची. आता तू उतरलीस. आता ऐक: काल संध्याकाळी तू डोळे मिटून पाती मिटलीस, आणि आज यादी न वाचता म्हटलीस. हे दोन्ही अक्षम्य आहे. उद्यापासून आठ दिवस यादीतली प्रत्येक ओळ वाचायची, त्या जागेला हात लावायचा, मग हो म्हणायचं. मी शेजारी बसेन."

बोलणी खाताना एवढं हलकं वाटतं, हे शिष्येला त्या दिवशी प्रथम कळलं. मनावर सकाळपासून बसलेला दगड त्यांनी उचलला नव्हता. त्याला फक्त नाव आणि वजन दिलं होतं. नाव आणि वजन कळलेलं ओझं माणूस उचलतो. मग ती त्यांच्याशेजारी बसली आणि मुंग्या झटकून दोन लाडू खाल्ले. तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

आता इथे गोष्ट संपवता आली असती. पुष्कळ लोक इथेच संपवतील, कारण म्हाताऱ्याचं बोलणं झालं. पण शिष्या अभिमानी होती, आणि अभिमानी माणसाला दुसऱ्याने आपल्यासाठी खाल्लेली शिवी पचत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन तिला आला. ते बोलायच्या आधी तीच बोलली. एका दमात सांगितलं: मास्तरांना तुम्ही वेडा म्हणालात, पण चूक माझी होती, आदल्या संध्याकाळी मी पाती चुकीची ठेवली, मास्तर आडवे आले नसते तर इंजिन जळालं असतं आणि विमान उडालंच नसतं. ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा.

मास्तर हँगरमध्ये पाना हातात घेऊन तसेच थांबले.

मग शेठ म्हणाले, "ते मला विमान वर गेल्यावरच कळलं होतं. मास्तरांसारखा माणूस उगाच पंख्यापुढे उभा राहतो होय? तुझ्या मागच्याच खुर्चीवर होतो मी. तुझी मान दिसत होती. लाकडासारखी झाली होती. म्हटलं, विचारावं. मग म्हटलं, आत्ता नको."

शिष्येने खुर्ची ओढली आणि ती बसली.

"झडप उघडली," शेठ सांगत होते, आणि त्यांचा तो चढा आवाज पार खाली आला होता. "फुगा घालून उघडली म्हणे. ओठ गुलाबी झालेत. आज सकाळी चमच्याने दूध दिलं तर थुंकून टाकलं, इतकी तिखट आहे. मग घेतलं. मास्तरांना फोन दे. मला त्यांच्याशी बोलायचंय, आणि तू ऐकू नकोस."

तिने फोन मास्तरांच्या हातात दिला आणि बाहेर आली. ऊन लख्ख पडलं होतं. विमान समोर उभं होतं. ती दोन दिवस समजत होती की त्या सकाळी एकट्या मास्तरांनी तिला सांभाळून घेतलं. पण मागे एक माणूस बसला होता, ज्याची नात पेटीत निळी पडत होती, ज्याला ओरडण्याशिवाय दुसरं काही येत नाही असं अख्खं गाव म्हणतं. आणि तो तासभर ओठ मिटून तिच्या मानेकडे बघत बसला होता. कुणाच्या आत काय कशाला जोडलेलं असतं, हे बाहेरून सांगता येत नाही. मास्तरांनाही ते पूर्ण सांगता आलं नव्हतं. तिने वही काढली, पहिल्या पानावरचा धडा खोडला नाही. त्याच्या अलीकडे, समासात, दोन शब्द लिहिले: या इंजिनाला.

तुमच्या घरात, वर्गात, कचेरीत कुणी कामाला निघालेलं असेल, तर त्याची चूक दाखवण्याआधी एवढं पाहा, की ते उतरलंय की अजून सुरू होतंय.